सगुणा म्हणे

“हे ह्या बाईच्या तोंडात कुणी घातलं?”

हिंगमिरेकाकांनी माझा टॅब नाकाला टेकेल इतका जवळ धरला होता. बोट काचेला लागलं की चित्र सरकायचं. मग ते दचकून हात मागे घ्यायचे आणि चित्र परत जागेवर यायची वाट बघायचे. त्यांची भाची गिरिजा चहाचे कप घेऊन दारातच थबकली होती. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी.

“कुणी घातलं, विचारतोय मी.”

“काका, ते... आमच्या ग्रुपमधल्या एकानं सुचवलं होतं. स्पर्धा होती.”

“कसली?”

“फुगा भरा.”

त्यांनी टॅब मांडीवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. पण चुकीच्या घरात आलेल्या माणसासारखे ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

या भेटीला आता दहाएक वर्षं झाली. त्याच्या थोडं आधी मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्या जयसिंगपूरच्या घरात माझ्या गळ्यात पडला. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची म्हणून चालू करून बघू लागले आणि पुसता पुसता शिकले. दहावी पास बाई, शिकवायला कुणी नाही. चुका करायला मात्र दुपार मोकळी. त्यातच ‘तीन चौकटी’ नावाचा ऑनलाइन ग्रुप सापडला. जुन्या पेपरांत, साप्ताहिकांत तीन चौकटींच्या विनोदी चित्रपट्ट्या यायच्या ना, त्या जमवणारी ही माणसं. कुणी रद्दीवाल्याकडून आणायचं, कुणी माळ्यावरून काढायचं, स्कॅन करायचं आणि माझ्याकडे पाठवायचं. मी साफ करायची. कागदाचा पिवळेपणा, घड्यांच्या रेघा, भज्यांचं तेल, एखाद्या गृहिणीचं हळदीचं बोट. या कामाला ग्रुपात ‘झाडू मारणे’ म्हणत आणि मला ‘झाडूवाल्या काकी’. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असायचं : सफाई – शालन मगदूम, जयसिंगपूर. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव छापून आलेलं तेवढंच.

परवानगीबिरवानगी कुणी कुणाला विचारत नव्हतं. ग्रुप चालवणारा पुण्याचा पुष्कर नाडगौडा, वयानं माझ्या मुलापेक्षा थोडाच मोठा. तो म्हणायचा, “काकी, आपण पैसे घेतो का? नाही. मग ही चोरी नाही, सेवा आहे.” हे वाक्य आम्हा सगळ्यांना फार आवडायचं. पहाटे दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद तोडणाऱ्या बायकाही हेच म्हणतात, देवासाठीच तर नेतोय.

आमचा देव म्हणजे ‘सगुणा म्हणे’. मिरजेहून कधीकाळी निघणाऱ्या ‘दक्षिणवारा’ साप्ताहिकातली पट्टी. पहिल्या चौकटीत अण्णा कारकून बोलतो, दुसऱ्या चौकटीत अण्णाच बोलतो, आणि तिसऱ्या चौकटीत त्याची बायको सगुणा काहीतरी म्हणते. खाली सही : ‘हिंग’. एक मला अजून पाठ आहे. अण्णा म्हणतो, “सगुणा, डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलंय.” मग म्हणतो, “साखर बंद, तेल बंद.” सगुणा चुलीकडे तोंड करून म्हणते, “मग रिकामा डबा देते. झाकण तरी चालेल का विचारा.”

पण ही झाली आधीच्या वर्षांतली. नंतरच्या अंकांत गंमतच होती. अण्णाच्या बोलण्याचे दोन फुगे भरलेले आणि सगुणाच्या तोंडाजवळचा फुगा कोरा. एका अंकात नाही, सगळ्यांत. पुष्करनं मोठं कुलूप उघडल्याच्या थाटात निदान केलं. “छपाईचा दोष. ठसे झिजले असणार, शेवटच्या चौकटीला शाई धरलीच नाही. आपण दुरुस्त करायला हवं.” त्यानं जुन्या पट्ट्यांतून हिंगांचं एकेक अक्षर उचललं, त्यांच्या वळणाची वर्णमाला बनवली, आणि सगळ्यांना सांगितलं, सुचवा, सगुणा काय म्हणाली असेल? जे सर्वांत चांगलं ते फुग्यात. लोकांनी जीव ओतून सुचवलं. अक्षर इतकं बेमालूम, की मी रोज ते बघणारी, मलाही ओळखू आलं नसतं.

हिंग जिवंत असतील असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. इतकी जुनी पट्टी काढणारा माणूस वारलेलाच असतो.

मग एका सकाळी गिरिजाचा फोन आला. “मगदूमबाई का? मी मिरजेहून बोलते. आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक चित्र आलंय. त्याच्या कोपऱ्यात तुमचं नाव आहे. ते चित्र माझ्या मामांचं आहे. मामा तुम्हाला भेटायचं म्हणताहेत.”

मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, ते आहेत!”

“मग जा की. सत्कार करतील तुझा,” ते म्हणाले. मीही तसंच धरून पेढे घेऊन गेले. ते पेढे आता टीपॉयवर तसेच पडले होते.

“वाचून दाखव गं,” काका गिरिजाला म्हणाले.

गिरिजानं कप ठेवले आणि वाचलं. “अण्णा म्हणतो, ‘सगुणा, आज ऑफिसात सगळे माझं ऐकत होते.’ मग म्हणतो, ‘मध्ये एक शब्द कुणी बोललं नाही.’ आणि सगुणा म्हणते...” ती अडखळली. “सगुणा म्हणते, ‘आज रविवार. ऑफिसात होतं कोण?’”

काकांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. “विनोद बरा आहे,” ते म्हणाले. “पण सगुणेचा नाही. सगुणा नवऱ्याला असं एकट्याला पाडत नाही हो. ती त्याच्यासोबत पडते.”

“काका, मूळचं वाक्य तुम्हाला आठवत असेल तर आम्ही तेच घालू. छपाईत गेलं होतं ना...”

“छपाईत काही गेलं नाही.”

“मग?”

“मीच कोरं ठेवलं होतं.”

मी गिरिजाकडे बघितलं. ती खाली बघत होती. काकांनी पेढ्यांचा खोका उगाच थोडा सरकवला.

“सगुणा मी लिहीत नव्हतोच, ताई. दोन चौकटी माझ्या. तिसरी महानंदाची. माझी बायको. मी दोन चौकटी काढायचो आणि कागद घेऊन स्वयंपाकघरात जायचो. ती तांदूळ निवडत असायची, नाहीतर भाकरी थापत. मी वाचायचो. ती मान वर न करता काहीतरी बोलायची. ते मी तसंच्या तसं लिहायचो. बास. लोक मला विनोदी म्हणायचे. मी कुठला विनोदी! मी आपला पोष्टमन.”

“आणि मग?”

“मग तिच्या घशाचं झालं. इथंच, मिरजेत ऑपरेशन केलं. जीव वाचला. डॉक्टरांनी आवाजाची पेटी काढली.” त्यांनी स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, तिथेच जरा वेळ ठेवली. “ती घरी आली. पुढच्या आठवड्याची पट्टी द्यायची होती. सवयीनं गेलो कागद घेऊन. वाचलं. ती बघतच राहिली माझ्याकडे. मी पाटी पुढं केली. तिनं लिहिलं. मग पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मग पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘लिहीपर्यंत शिळं होतं.’”

बाहेर कुणीतरी सतारीच्या तारा जुळवत होतं. जुळत नव्हत्या.

“तुम्हीच लिहायचं होतं एखादं,” मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“तिच्या तोंडात?” काका म्हणाले. “ती समोर बसलेली असताना?”

गिरिजा म्हणाली, “संपादक फार बोलले होते म्हणे मामांना. म्हणाले, पट्टीचं नाव ‘सगुणा म्हणे’ आणि सगुणा काहीच म्हणेना, वाचक आपल्याला मारतील.”

“मारलं नाही कुणी,” काका म्हणाले. “काहींना छपाईची चूक वाटली, तुमच्या त्या पुण्याच्या पोरासारखी. काही जण घरी बसून पेन्सिलीनं भरायचे. भरू देत. पेन्सिल पुसता येते.” मग ते माझ्याकडे वळले. “एस.टी.त खिडकीतनं रुमाल टाकतो ना आपण जागेवर? माणूस मागनं येणार असतं म्हणून? तो फुगा म्हणजे रुमाल होता, ताई. रुमाल टाकताना कुणासाठी टाकला, ते गाडीभर ओरडून का सांगतंय कुणी?”

“त्या परत...”

“कुठलं हो. पण ती होती तोवर जागा धरून ठेवली. ती गेली, त्या आठवड्यात पट्टी बंद केली.”

त्यांनी टॅब उचलून माझ्या हातात दिला. “गिरिजा म्हणते, तुम्ही साफ करता. मग करा साफ. तिच्या तोंडातलं हे काढा. मला दुसरं काही नको. माझं नाव ठेवा, काढा, काय वाटेल ते करा. हे तेवढं काढा.”

मी तिथेच बसून काढलं. ‘आज’ पुसलं, ‘रविवार’ पुसलं, ते प्रश्नचिन्ह पुसलं. असा झाडू मारायला मला एरवी क्षण लागायचा. त्या दिवशी एकेक मात्रा वेगळी पुसली. फुगा कोरा झाला. सगुणा चुलीपुढे, मान वळवलेली, तोंड अर्धं उघडं. काका बघत राहिले.

“झालं?”

“झालं.”

“गिरिजाच्या फोनमधलंही गेलं ना?”

गिरिजानं आणि मी एकमेकींकडे बघितलं. “नाही, काका. हे फक्त इथलं.”

“मग तिच्यातलं पण पुसा. आणि त्या भिशीच्या बायकांतलं.”

मला तेव्हा कळायला लागलं, हा माणूस मला काय काम सांगतोय.

घरी आल्यावर पुष्करला फोन लावला. सगळं सांगितलं.

“काकी,” तो म्हणाला, “मी त्यांच्या अक्षरांवर कितीतरी रात्री घालवल्या.”

“माहीत आहे रे.”

“मला वाटलं होतं, मी त्यांना परत आणतोय.”

पोरगं रडत होतं की काय, कळलं नाही. पण कामाला लागलं. दुसऱ्याच दिवशी ग्रुपातून भरलेले सगळे फुगे काढले आणि कोरे चढवले, पूर्ण नाव-गाव देऊन. खाली लिहिलं : ‘हा फुगा चित्रकारानं कोरा ठेवला आहे. कृपया भरू नये.’ मला वाटलं, मिटलं.

पण तोवर सगुणा बाहेर पडली होती. विनोदांची पानं चालवणारे असतात ना, सकाळी सुविचार आणि संध्याकाळी बायकोवरचे विनोद, त्यांना ती सापडली होती. पुष्करची ती वर्णमाला त्यानं कौतुकानं सगळ्यांसाठी मोकळी ठेवली होती. तीही त्यांनी नेली. आता सगुणा रोज नवं बोलत होती. चुलीपुढे बसून, नऊवारीत, मोबाइलचं रिचार्ज मागत होती. सासूला नावं ठेवत होती. अण्णाला काय काय म्हणत होती, ते इथे लिहिण्याजोगं नाही. अक्षर मात्र हिंगांचंच.

मी एकेका पानाला निरोप धाडले. ‘कृपया काढावे, चित्रकार हयात आहेत, वयस्कर आहेत.’ एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. एकानं विचारलं, ‘त्यांच्याकडे अजून आहेत का? पाठवा ना.’ एकानं लिहिलं, ‘काकू, तुम्ही स्वतः कुठून आणली होती?’

याला काय उत्तर द्यायचं? जास्वंदवाल्या बाईनं फुलं चोरीला गेल्याची तक्रार कुठे करायची?

पुष्कर म्हणाला, साइटवाल्यांकडे रीतसर तक्रार करू, पण ती हक्कदारानं करायला हवी. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “माझा कसला हक्क? दर आठवड्याला मजुरी घ्यायचो. पट्टी पेपराची.” पेपर केव्हाच बंद पडलेला. मालकही वारलेले. त्यांचा मुलगा सांगलीत फरशांचं दुकान चालवत होता. गिरिजा आणि मी गेलो. त्यानं बसायला बाथरूमच्या टाइल्सचा खोका पुढे केला.

“आमच्या मालकीचं आहे म्हणता? बाबा बोललेच नाहीत कधी.” मग जरा खुशीत येऊन, “म्हणजे किती मोठं झालंय हो ते?”

“फार मोठं,” मी म्हटलं.

“मग बंद कशाला करायचं?”

गिरिजानं त्याला महानंदामामींचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. ऐकून घेतलं, नाक ओढलं आणि सही केली. “काढून टाका म्हणावं. सगळं.”

‘सगळं’. हा शब्द पुष्करनं तक्रारीत तसाच घातला. ‘सगुणा म्हणे’, चित्रकार हिंग, साप्ताहिक दक्षिणवारा, या नावाची सगळी चित्रं. तेव्हा आम्हाला वाटलं, शाबास, एकही सुटणार नाही.

तक्रार वाचायला तिकडे माणूस नसतो, हे आम्हाला मागाहून कळलं. यंत्र असतं. यंत्रानं नाव शोधलं. नाव कुठे होतं? आमच्याकडे. पट्टीचं नाव, चित्रकाराची सही, पेपर, गाव, सफाई करणारीसुद्धा, सगळं आम्ही प्रामाणिकपणे लिहिलेलं. विनोदवाल्यांनी सही कापली होती, पट्टीचं नाव कापलं होतं, कोपऱ्यातलं माझं नाव कापून तिथे आपलं घातलं होतं. तेव्हा ज्यांनी नाव ठेवलं ते सापडले आणि ज्यांनी नाव कापलं ते सुटले. एका सकाळी ‘तीन चौकटी’ उघडलं तर सगळे कोरे फुगे गेलेले. मग काही दिवसांनी ग्रुपही गेला.

पुष्करनं परत लिहून बघितलं. यंत्रानं आभार मानले.

हे काकांना फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून मिरजेला गेले. दर वेळी ते पहिला प्रश्न हाच विचारायचे, “निघालं का?” आणि मी म्हणायची, काम चालू आहे. त्या दिवशी विचारलं नाही. गिरिजानं आधीच त्यांना फोन उघडून दाखवला होता.

“हे बघा,” त्यांनी तो माझ्यापुढे धरला. राखाडी चौकोन. आत बारीक अक्षरात, ‘हे चित्र उपलब्ध नाही.’ “हे कुणी केलं?”

“आपणच, काका.”

“आणि ते रिचार्जवालं?”

“ते आहे अजून.”

त्यांनी त्या राखाडी चौकोनावर बोट ठेवलं. आता सरकलं नाही. त्याच्या मागेपुढे काही नव्हतंच.

“पूर्वी ती गप्प होती,” ते म्हणाले. “आता अण्णाही गप्प.”

गिरिजा आत निघून गेली. भांडी उगाचच वाजायला लागली.

“तुमच्याकडे असतील ना मूळ कात्रणं?” मी म्हटलं. “एकही ठेवलं नाहीत?”

“कशाला ठेवू? ती म्हणायची, ते मी ऐकलेलं होतं.” मग माझी कीव आली असावी. “तुम्ही पेढे आणत जाऊ नका दर वेळी. मला साखर बंद आहे.” जरा थांबून म्हणाले, “मीठही. तेलही.”

मला पुढचं वाक्य येत होतं. ते येतं हे त्यांनाही माहीत होतं. दोघांनीही म्हटलं नाही.

मिरजेच्या स्टँडवर जयसिंगपूरची गाडी लागली तेव्हा ही गर्दी. मी खिडकीतून हात घालून रुमाल टाकला आणि धक्के खात दाराशी गेले. चढून बघते तर जागेवर एक गडी बसलेला. चाळिशीचा असेल, मांडीवर पिशवी, हातात फोन, एकटाच हसत होता. मी दांडीला धरून त्याच्याशेजारी उभी राहिले. इतका रंगात आला होता, की कुणालातरी दाखवल्याशिवाय त्याला राहवेना.

“बघा की, मावशी,” त्यानं फोन माझ्याकडे वळवला. “काय बाई आहे बघा ही. एक नंबर!”

चुलीपुढे बसलेली, मान वळवलेली. तोंड अर्धं उघडं.

मी बघितलं. तो माझ्या हसण्याची वाट बघत होता. मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. महानंदा सांगायची होती, पाटी सांगायची होती, शिळं होतं ते सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.

गाडी सुरू झाली. त्याला खाली काहीतरी लागलं असावं. त्यानं अंग उचललं, हात घालून चुरगळलेला रुमाल बाहेर काढला आणि ओशाळून माझ्यापुढे धरला.

“अरेच्या. तुमचा काय हो हा? कुणी येणार होतं?”

“नाही,” मी म्हटलं. “बसा तुम्ही.”